रिकाम्या वेळेचे मैदान

बेसबॉलचे मैदान निम्मे नियमांनी बांधलेले आणि निम्मे मोकळे सोडलेले असते. चार बेसच्या चौकोनाची प्रत्येक बाजू 90 फूट आणि चेंडू फेकणारा पिचर ते फलंदाजापुढची होम प्लेट हे अंतर 60 फूट 6 इंच. अमेरिकेतल्या प्रत्येक मोठ्या मैदानावर ही मापे तीच. त्यापलीकडचे आउटफिल्ड किती खोल असावे, त्यामागची भिंत किती उंच आणि किती वाकडी असावी, हे मात्र बांधणाऱ्यावर सोपवलेले आहे. 1958 नंतरच्या मैदानांसाठी किमान अंतरे घालून दिली गेली खरी, पण ती सर्वत्र पाळली गेली नाहीत. क्रिकेटमध्येही खेळपट्टी ठरलेली आणि सीमा सैल असते. फरक असा की क्रिकेटची सीमा दोरीने आखता येते, आज आत घेता येते आणि उद्या बाहेर नेता येते. बेसबॉलमध्ये ती बहुधा भिंत असते आणि भिंत खेळात भाग घेते. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये (1912) डावीकडची भिंत 37 फूट उंच आहे. एरवी भिंतीपलीकडे जाऊन होम रन ठरला असता असा फटका तिच्यावर आदळून मैदानात परत येतो, आणि एरवी सहज झेलला गेला असता असा उंच चेंडू तिच्यावरून निघून जातो.

म्हणून या खेळाच्या बाबतीत एक प्रश्न इतर खेळांपेक्षा टोकदार होतो. मैदानात येऊन बसलेल्या माणसाला जे सुख मिळते ते खेळाचे असते की जागेचे? सामना घरच्या पडद्यावर अधिक जवळून आणि अधिक स्पष्ट दिसतो. चेंडू किती वळला हेही तेथेच कळते. तरीही लोक तिकीट काढून जातात आणि परत आल्यावर धावसंख्येइतकेच हवेबद्दल, गवताबद्दल, शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाबद्दल बोलतात. सौंदर्यशास्त्राच्या भाषेत हा आस्वादाचा प्रश्न आहे, आणि धर्मचिंतनाच्या भाषेत सुट्टीचा: कामातून सोडवलेल्या वेळेचे माणसाने काय करावे?

या प्रश्नाकडे घड्याळाच्या बाजूने जाणे सोयीचे आहे. 2013 मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बेसबॉलच्या सामन्यांतली प्रत्यक्ष हालचाल मोजली. सुमारे तीन तासांच्या सामन्यात चेंडू खेळता असण्याचा आणि खेळाडू धावण्याचा वेळ जेमतेम 18 मिनिटे भरला. बाकी सगळा वेळ पिचर विचार करतो, फलंदाज हातमोजे सावरतो, पंच चेंडू बदलतो. ही आकडेवारी सहसा खेळाची चेष्टा करण्यासाठी सांगितली जाते. मैदान समजून घ्यायचे असेल तर मात्र तिच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही. त्या हिशेबाने बेसबॉलचे स्टेडियम म्हणजे अडीच तासांहून अधिक रिकाम्या वेळेची इमारत. ती वेळ तिथे कशी जाते, यावर मैदान सुखाचे की कंटाळवाणे हे बहुतेक ठरते.

रिकामी वेळ सुखाने घालवण्याच्या काही जुन्या रीती प्रेक्षकांनीच पाडल्या आहेत. गुणपत्रिका पेन्सिलीने भरत बसणे ही त्यातली एक. या नोंदपद्धतीला रूप देण्यात एकोणिसाव्या शतकातले पत्रकार हेन्री चॅडविक यांचा मोठा हात होता, आणि तीन स्ट्राइकवर बाद झालेल्या फलंदाजासाठी लिहिले जाणारे ‘के’ हे अक्षर त्यांच्याच काळापासून चालत आले आहे. अशी पत्रिका भरणारा माणूस सामना पाहतो आणि त्याच वेळी लिहितोही. त्याचे लक्ष जपमाळ ओढणाऱ्यासारखे हलके पण अखंड राहते. लॉस एंजेलिसमध्ये तर 1958 पासून प्रेक्षक ट्रान्झिस्टर घेऊन मैदानात येऊ लागले आणि डोळ्यांसमोर चाललेल्या सामन्याचे समालोचन व्हिन स्कली यांच्या तोंडून ऐकू लागले. हजारो लहान रेडिओंमधून एकच आवाज उठत असे. वरवर पाहता हा वेडेपणा आहे. पण पाहिलेली गोष्ट कोणीतरी लगेच सांगावी आणि ती सगळ्यांनी एकत्र ऐकावी, ही कीर्तनाच्या श्रोत्याला परकी वाटणारी भूक नाही.

रिकामी वेळ सुखाने जाणे ही आस्वादाची पहिली अट, तर दुसरी अंतराची. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यगृहाच्या बांधणीवर आहे. मर्त्य माणसांसाठी तो 64 हात लांब आणि 32 हात रुंद असे मध्यम प्रेक्षागृह सुचवतो आणि कारणही देतो: घर यापेक्षा मोठे झाले की नटाचा स्वर विरतो आणि मुखावरचे भाव दिसेनासे होतात. रसाची चर्चा सहाव्या अध्यायात येते, त्याआधी भिंती आणि खांब येतात. हा क्रम बेसबॉलच्या वास्तुकारांनी वाचला असता तर विसाव्या शतकातली एक मोठी चूक कदाचित टळली असती.

जुन्या मैदानांत वरचा मजला खांबांवर उभा असे. फिलाडेल्फियाचे शाइब पार्क (1909) हे पोलाद आणि काँक्रीटचे पहिले मोठे मैदान. त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत फेनवे, ब्रुकलिनचे एबेट्स फील्ड (1913) आणि शिकागोचे आजचे रिगली फील्ड (1914) अशी रांग लागली. खांबांमुळे काही खुर्च्यांवरून अर्धे मैदान झाकले जाई. ही तक्रार खरीच होती. पण त्याच खांबांमुळे वरचा मजला थेट खालच्या मजल्याच्या डोक्यावर, म्हणजे खेळाच्या अगदी जवळ आणता येई. पुढच्या पिढीने खांब काढले. खांब गेल्यावर वरचा मजला मागे सरकवावा लागला, आणि थोड्यांची अडचण दूर करताना हजारोंना चेंडूपासून लांब नेऊन बसवले गेले. ज्याला कोणाचेही डोके आडवे येत नाही आणि कोणाचाही चेहरा दिसत नाही, असा प्रेक्षक त्यातून तयार झाला. वास्तुकार फिलिप बेस यांनी 1989 च्या आपल्या पुस्तकात हा हिशेब मांडून शहरातल्या लहान, दाटीवाटीच्या मैदानांची बाजू घेतली होती.

1960 आणि 70 च्या दशकांत या चुकीने गोल आकार घेतला. सेंट लुइस (1966), पिट्सबर्ग आणि सिनसिनाटी (1970), फिलाडेल्फिया (1971) येथे बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल या दोन्ही खेळांसाठी मिळून वर्तुळाकार काँक्रीटची स्टेडियमे उभी राहिली. हिशेबाला ती चोख होती. पण वर्तुळाला कोपरा नसतो, आणि बेसबॉल हा कोपऱ्यातून उलगडणारा खेळ आहे. बऱ्याच खुर्च्यांची तोंडे होम प्लेटकडे नसून कुठेतरी मधल्या गवताकडे होती. गवतही पुष्कळ ठिकाणी प्लॅस्टिकचे, कारण ह्यूस्टनच्या छप्परबंद ॲस्ट्रोडोमने (1965) ती वाट दाखवून दिली होती. ही मैदाने एकमेकांसारखी इतकी होती की आपण कोणत्या शहरात खेळत आहोत हे कळत नाही, असे खेळाडूच थट्टेने म्हणत. वर सांगितलेली चारही 2001 ते 2005 या काळात पाडली गेली. त्यांच्यासाठी हळहळणारे फारसे कोणी निघाले नाही.

याउलट एबेट्स फील्ड 1960 मध्ये पाडले गेले त्याचा शोक ब्रुकलिनमध्ये अजून सांगितला जातो. 1947 साली जॅकी रॉबिन्सन यांनी मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवरचा वर्णभेद मोडला तो याच मैदानावर. पण तेवढ्याने ते दुःख पुरते उलगडत नाही. ते मैदान त्या वस्तीखेरीज दुसरीकडे कुठेही असू शकले नसते, आणि तिथे जाणाऱ्याला आपण नेमके कुठेतरी आहोत याची खात्री मिळत होती. स्थळाचे वैशिष्ट्य ही आनंदाची तिसरी अट म्हणायला हरकत नाही.

ही अट ओळखून बांधलेले पहिले नवे मैदान म्हणजे बाल्टिमोरचे कॅमडेन यार्ड्स, 1992 चे. तेथे रेल्वे कंपनीचे हजार फुटांहून लांब असे विटांचे जुने गोदाम न पाडता उजव्या आउटफिल्डमागे ठेवले गेले. सामन्यात कोणाचाही फटका आजवर थेट त्या गोदामावर जाऊन आदळलेला नाही. 1993 मध्ये केन ग्रिफी ज्युनिअर यांनी तो पराक्रम केला तो फटकेबाजीच्या प्रदर्शनी स्पर्धेत. मैदान इतके आवडले की पुढच्या वीस वर्षांत जवळजवळ प्रत्येक शहराला विटांची भिंत आणि वाकडे आउटफिल्ड हवेसे झाले. येथून एक खरा तात्त्विक पेच सुरू होतो. फेनवेची उंच भिंत कोणाच्या लहरीतून आली नाही. पलीकडे लॅन्सडाउन स्ट्रीट होता, जागा संपली होती, म्हणून मैदान तिथे थांबले. ह्यूस्टनच्या 2000 सालच्या मैदानात मात्र आउटफिल्डच्या मध्यभागी मुद्दाम एक उतार रचला गेला आणि त्यात झेंड्याचा खांब रोवला गेला, केवळ जुन्या मैदानांची आठवण म्हणून. 2016 च्या हंगामानंतर तो सपाट केला गेला. गरजेतून आलेला वाकडेपणा लोभस वाटतो आणि हौसेने आणलेला नाटकी, असे का व्हावे? डोळ्यांना तर दोन्ही सारखेच दिसतात.

याचे एक उत्तर असे की प्रेक्षकाचे सुख केवळ डोळ्यांचे नसते. भिंतीमागे रस्ता आहे हे ज्ञान त्या भिंतीच्या दर्शनात मिसळलेले असते, जसे देवळाच्या झिजलेल्या उंबऱ्यात आधी येऊन गेलेल्यांचे ज्ञान मिसळलेले असते. पण हे उत्तर पुरेसे मानता येत नाही. रिगली फील्डच्या भिंतीवरची वेल आज जुनेपणाची खूण समजली जाते. ती 1937 मध्ये बिल वेक यांच्या पुढाकाराने विचारपूर्वक लावली गेली होती. संघ जिंको वा हरो, लोक मैदानाच्या सौंदर्यासाठी यावेत हे मालक फिलिप रिगली यांचे धोरणच होते, आणि जाहिरातीही तशाच होत. म्हणजे आजचे अस्सल हे कालचे रचलेलेच होते. त्याला अस्सलपणा आला तो वापराने. त्या वेलीत अडकलेल्या चेंडूसाठी खास नियम झाला, पिढ्यान्‌पिढ्या खेळाडूंनी तिच्यात हात घातले. ह्यूस्टनच्या उताराला तेवढा वेळ मिळाला नाही, एवढेच कदाचित म्हणता येईल.

आता गर्दीकडे वळावे लागते, कारण जागा कितीही सुरेख असली तरी रिकामे स्टेडियम कोणालाच सुखाचे वाटत नाही. 29 एप्रिल 2015 रोजी, शहरात अशांतता असल्यामुळे, कॅमडेन यार्ड्सवरचा सामना प्रेक्षकांविना खेळवला गेला. मेजर लीगच्या इतिहासात असे प्रथमच घडले. यजमानांनी पहिल्याच डावात होम रन मारला आणि सामना 8-2 असा जिंकला. नियमांनुसार त्यात काहीही कमी नव्हते. तरी पाहणाऱ्यांना तो सामन्यापेक्षा सरावासारखा वाटला. 2020 च्या साथीच्या हंगामात खुर्च्यांवर पुठ्ठ्याची माणसे बसवून ध्वनिमुद्रित गलका वाजवला गेला, तेव्हा तर ही उणीव भरून काढण्याच्या धडपडीनेच अधिक ठळक झाली.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्खेम यांनी 1912 मध्ये, म्हणजे फेनवे उघडले त्याच वर्षी, धर्माचे मूळ समूहाच्या उत्कट एकत्र येण्यात शोधले होते. पुढे डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी 1938 च्या ‘होमो लुडेन्स’मध्ये क्रीडांगण आणि पवित्र स्थान यांत आकाराच्या दृष्टीने भेद करता येत नाही असा सिद्धांत मांडला: दोन्हींभोवती रेघ असते आणि रेघेच्या आत वेगळे नियम चालतात. बेसबॉलचे आयुक्त झालेले साहित्याचे प्राध्यापक बार्टलेट जियामाटी यांनी 1989 मध्ये, आपल्या अखेरच्या पुस्तकात, क्रीडांगणाचा संबंध हरवलेल्या नंदनवनाच्या ओढीशी जोडला. या तिघांच्या आधारे मैदानाला देऊळ म्हणून टाकणे अमेरिकन लेखकांना फार आवडते. ते थोडे सोपे आहे. देवळात जाणाऱ्यावर काही बंधन येते, उपास असतो, नवस फेडायचा असतो, घरी परतल्यावर वागणे बदलावे अशी अपेक्षा असते. मैदान प्रेक्षकाकडून तिकिटाखेरीज फारसे काही मागत नाही. जर्मन तत्त्वज्ञ योझेफ पीपर यांनी 1948 मध्ये बजावले होते की उपासनेपासून तुटलेली सुट्टी ही दोन कामांमधली विश्रांती होऊन बसते. बेसबॉलचा चाहता या आक्षेपाला पुरते उत्तर देऊ शकत नाही, आणि त्याने तो प्रयत्न करूही नये.

गर्दीची दुसरी बाजूही जुनी आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात मित्र आलिपियस याची हकीकत सांगितली आहे. त्याला मित्रांनी रोमच्या आखाड्यात ओढून नेले. तो डोळे मिटून बसला, पण गर्दीची एक आरोळी कानावर पडताच त्याने डोळे उघडले आणि रक्ताची नशा त्याला चढली. समूहाचा उन्माद देवाकडे नेतो तसाच तो माणसाला माणूसपणातून बाहेरही नेतो. बेसबॉलची रिकामी वेळ येथे उपकारक ठरते, असे मानायला जागा आहे. उन्माद टिकायला सलगपणा लागतो, आणि हा खेळ दर अर्ध्या मिनिटाला तो तोडतो. सातव्या डावाच्या मध्यात तर सगळे उठून आळोखेपिळोखे देतात आणि बहुतेक ठिकाणी 1908 चे एक जुने गाणे म्हणतात.

चाहता पक्षपाती असतो, ही आस्वादाच्या सिद्धांतांना अडचण वाटते. अभिनवगुप्ताने रसाच्या वाटेतली जी सात विघ्ने सांगितली त्यांत प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणे हे एक आहे. आपल्या संघाच्या पराभवाने ज्याची झोप उडते, तो सहृदय रसिक कसा? उत्तर शिकागोत सापडते. कब्स संघाने 1908 नंतर विजेतेपद मिळवले ते थेट 2016 मध्ये. तेव्हा लोकांनी रिगली फील्डच्या बाहेरच्या विटांवर खडूने नावे लिहिली, पुष्कळशी ती वाट पाहता पाहता गेलेल्या आईबापांची आणि आजोबांची. हे दुःख आणि हा हर्ष लिहिणाऱ्याचा होता आणि केवळ त्याचा नव्हताही. नाट्यगृहात ज्याला साधारणीकरण म्हणतात ते इथे एका संध्याकाळी घडले नाही. त्याला तीन पिढ्या लागल्या.

समूहाचे सुख सगळ्यांना सारखे मिळते का, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. तत्त्वज्ञ मायकेल सँडल यांनी 2012 च्या पुस्तकात आपल्या मिनेसोटातल्या बालपणीच्या मैदानाचा दाखला दिला. तेव्हा सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त तिकिटांत थोडेच अंतर होते, म्हणून मालक आणि कारकून एकाच पावसात भिजत. काचेआडच्या आलिशान खोल्या आल्यावर ही सरमिसळ संपली, असे त्यांचे म्हणणे. म्हणणे रास्त आहे, पण जुन्या मैदानांना समतेची देवळे ठरवणेही बरोबर नाही. सेंट लुइसमध्ये 1944 पर्यंत कृष्णवर्णीय प्रेक्षकांना उजव्या आउटफिल्डमागच्या एका भागातच बसावे लागे. लॉस एंजेलिसचे डॉजर स्टेडियम (1962) ज्या चावेझ रव्हीनमध्ये उभे आहे तिथली मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबे आधी सरकारी घरबांधणीच्या नावाखाली हलवली गेली होती. घरे झाली नाहीत, मैदान झाले. तिथून दिसणारे डोंगर सुंदर आहेत आणि ही हकीकतही खरी आहे.

समतेचा एक लहानसा अंश मात्र टिकून आहे: प्रेक्षकांत आलेला चेंडू, मग तो फाउल असो वा होम रन, पकडणाऱ्याचा होतो. 1921 मध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर चेंडू परत न दिल्याबद्दल एका प्रेक्षकाला हाकलले गेले. तो न्यायालयात गेला, त्याला 100 डॉलर भरपाई मिळाली, आणि पुढे ही रीतच पडली. बाजारभाव वाढल्यावर तीत ताण आला. 2001 मधला बॅरी बाँड्स यांचा 73 वा होम रन चेंडू दोघांच्या दाव्यात सापडला. न्यायालयाने तो विकून निम्मे-निम्मे घ्यायला सांगितले आणि 2003 मध्ये त्याचे 4,50,000 डॉलर आले. त्याच काळात रिगलीच्या आउटफिल्डमागच्या बाकांवर उलटी रीत चालू होती आणि आहे: प्रतिस्पर्ध्याने मारलेला होम रन हाती आला तर तो मैदानात परत भिरकावायचा. किंमत असलेली वस्तू निष्ठेपायी फेकून देण्यात त्या बाकांना जो आनंद होतो, तो लिलावाच्या भाषेत मांडता येत नाही.

अलीकडच्या मैदानांचा मुख्य दोष या सगळ्याच्या उजेडात पाहता येतो. दोन चेंडूंमधली शांतता त्यांना सोसत नाही. महाकाय पडदे, कर्कश ध्वनिफिती, टाळ्या वाजवण्याच्या सूचना, कॅमेऱ्यासमोर चुंबन घेणारी जोडपी, अशा गोष्टींनी तो प्रत्येक क्षण भरला जातो. 2023 मध्ये पिचरला वेळेचे बंधन घातल्यावर नऊ डावांचा सामना सरासरी तीन तासांवरून सुमारे दोन तास चाळीस मिनिटांवर आला आणि बहुतेकांना ते आवडले. रेंगाळणे आणि रिकामेपण यांत फरक आहे, हे त्यातून दिसले. काही संघांनी मात्र लगेच बिअरविक्री सातव्याऐवजी आठव्या डावापर्यंत वाढवली.

जपानचे उदाहरण या निदानाला पहिल्यांदा खोटे ठरवते आणि मग पक्के करते. कोबे-ओसाका पट्ट्यातले कोशिएन (1924) हे मैदान क्वचितच शांत असते. तिथे तुताऱ्या, नगारे आणि प्रत्येक फलंदाजाचे वेगळे गाणे सतत चालू असते. टोकियोच्या मेइजी जिंगूमध्ये (1926) यजमान संघाने धाव घेतली की हजारो लहान छत्र्या उघडून नाचवल्या जातात. म्हणजे रिकामी वेळ तिथेही भरलेलीच आहे. पण ती भरतात प्रेक्षक, स्वतःच्या फुफ्फुसांनी, आणि तेही पाळीपाळीने: आपला संघ फलंदाजीला असेल तेव्हाच गायचे आणि प्रतिस्पर्धी फलंदाजीला आला की ती पाळी त्याच्या चाहत्यांना द्यायची. शालेय स्पर्धेत कोशिएनच्या दोन्ही बाजूंना दोन शाळांची बँडपथके बसलेली असतात आणि डाव बदलला की आवाजही मैदानाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो.